किनारी रानवनस्पतींची खाद्यता

समुद्रकाठच्या वाळूत, खडकांत आणि खाजणांत आपोआप उगवणाऱ्या सपुष्प वनस्पतींपैकी काही खाण्याजोग्या असतात, तर काही जीवघेण्या. खाऱ्या जमिनीत वाढल्याने वनस्पतीचे विष उतरत नाही. जाती कोणती, तिचा कोणता भाग खायचा आणि ती कुठे उगवली आहे, यांवर उत्तर अवलंबून असते.

सॅलिकॉर्नियाच्या कोवळ्या सांधेदार फांद्या, सेसुव्हियमची मांसल पाने आणि सागरी बीटाचा पाला खाद्य आहे. लागवडीतले बीट आणि साखरेचे बीट सागरी बीटापासूनच निपजले. मात्र या पाल्यात मीठ व ऑक्झॅलेट (मूतखड्यास कारण ठरणारा क्षार) बरेच असते. उकडून पाणी टाकून दिल्यास ते कमी होते. तरी मूतखडा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी तो बेताने खावा, शक्यतो टाळावा.

खरी अडचण ओळखीची. ओळख पटते फुलावरून, पण भाजी खुडतात ती फुलण्याआधी. युरोपातल्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर सी केल ही खाद्य वनस्पती आणि पिवळी शिंगी अफू (ग्लॉसियम फ्लेव्हम) शेजारी शेजारी वाढतात. दोघींची पाने निळसर राखी, कडांना नागमोडी. शिंगी अफूच्या पानांवर लव असते आणि ती मोडल्यावर पिवळा चीक येतो. सी केलचे पान गुळगुळीत असते. मुळांच्या बाबतीत तर फसगत आणखी सोपी. इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये एकाने सी हॉली या खाद्य मुळांच्या वनस्पतीची समजून शिंगी अफूची मुळे घालून ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) केला. तो खाल्ल्यावर भ्रम होऊन त्याने शौचाचे भांडे फोडले आणि तुकडे सोन्याचे आहेत, जपून ठेवा, असे भोवतालच्यांना बजावले. ही हकिकत १६९८ मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात छापली गेली.

इतका सौम्य शेवट नेहमी होत नाही. चामर कुलातील (गाजर-कोथिंबिरीच्या कुलातील) ओनँथी क्रोकॅटा ही वनस्पती किनाऱ्याजवळच्या ओलसर जागी वाढते; तिच्या जाड मुळांनी झटके येऊन मृत्यू ओढवतो. दक्षिण व आग्नेय आशियातील सर्बेरा ओडोलम या झाडाच्या बियांतील सर्बेरिन हे विष हृदयाची लय बिघडवते. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या मँचिनील या झाडाचे फळ चवीला गोड लागते, मग घसा भाजून सुजतो. त्याच्या चिकानेही कातडीवर फोड येतात. त्यामुळे जिभेवर ठेवून पाहणे किंवा पक्षी खातात म्हणून खाणे, या दोन्ही कसोट्या कुचकामी आहेत.

खाद्य जातसुद्धा सांडपाण्याच्या किंवा कारखान्यांच्या नाल्याजवळची असेल तर घेऊ नये. मुळांवाटे आत शिरलेले जड धातू धुऊन जात नाहीत. विषबाधेची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता उरलेल्या वनस्पतीसह रुग्णालय गाठावे. मुळासकट उपटण्याने वाळू धरून ठेवणारी झाडे नष्ट होतात, हा प्रश्न वेगळाच. ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीविना रानवनस्पती मुळासह काढणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.