नियामक टी-पेशी व सहिष्णुता

नियामक टी-पेशी : प्रतिरक्षा यंत्रणेचा प्रतिसाद आवरून धरणाऱ्या लसिका पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार). शरीराची स्वतःची ऊतके, तसेच अन्नातील प्रथिने, परागकण व आतड्यातील जीवाणू यांसारखे निरुपद्रवी परके घटक शरीर सहन करते, ते बऱ्याच अंशी यांच्यामुळे. जुन्या ग्रंथांत ‘दमनकारी टी-पेशी’ असा उल्लेख आढळतो.

या पेशींच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. 1970 च्या सुमारास गेर्शॉन व कोंडो यांनी मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींना सहिष्णू झालेल्या उंदरांच्या पेशी दुसऱ्या उंदरांना टोचल्या, तेव्हा त्यांचाही प्रतिसाद दबला. यावरून दमनकारी पेशींची कल्पना रूढ झाली आणि आय-जे हा रेणू त्यांची ओळखखूण मानला गेला. मात्र 1983 मध्ये अपेक्षित जागी या रेणूचे जनुकच सापडले नाही आणि हा विषय जवळजवळ टाकून दिला गेला. दुसरा धागा जपानमधला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी यौवनलोपी ग्रंथी (थायमस; टी-पेशी जेथे परिपक्व होतात ती छातीतील ग्रंथी) काढलेल्या उंदरांच्या माद्यांचे अंडाशय नष्ट होतात, असे निशिझुका व साकाकुरा यांना 1969 मध्ये आढळले होते. याच वाटेने जाऊन शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये पृष्ठभागावर सीडी 25 हा रेणू असलेल्या सीडी 4 पेशी (सीडी 4 हा रेणू धारण करणाऱ्या टी-पेशी) वेगळ्या काढल्या. गेर्शॉन यांचे निरीक्षण खरे असले, तरी आजच्या संकल्पनेचा उगम या दुसऱ्या धाग्यात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. फॉक्सपी3 जनुकातील बिघाड 2001 मध्ये मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी उजेडात आणला. हे जनुक या पेशींचे नियंत्रक असल्याचे 2003 मध्ये सिद्ध झाले. साकागुची, ब्रंको व रॅम्सडेल या तिघांना 2025 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील सीडी 4 पेशींपैकी साधारण 5 ते 10 टक्के पेशी नियामक असतात. काही यौवनलोपी ग्रंथीतच घडतात. परक्या पदार्थांच्या संदर्भात बाहेर, विशेषतः आतड्यालगत, घडणाऱ्या अधिक महत्त्वाच्या. तेथील डेंड्रिटिक पेशी (परके घटक टिपून टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशी) अन्नातील प्रतिजन, म्हणजे प्रतिरक्षा यंत्रणा ओळखते ते घटक, लसिका ग्रंथींत नेतात आणि टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन व अ-जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक अम्ल यांच्या प्रभावाखाली नवख्या टी-पेशींना नियामक वळण लावतात. अंड्यातील प्रथिन आधी खाऊ घातलेल्या गिनीपिगना तेच टोचल्यास तीव्र प्रतिक्रिया येत नाही, हे गिडियन वेल्स यांनी 1911 मध्येच दाखवले होते. कारण मात्र तेव्हा कळण्यासारखे नव्हते.

दमन एकाच मार्गाने होत नाही. सीटीएलए-4 हा रेणू डेंड्रिटिक पेशींवरील सीडी 80 व सीडी 86 हे चेतना देणारे रेणू हिरावून घेतो, त्यामुळे इतर टी-पेशींना चेतना मिळत नाही. सीडी 25 च्या आधारे इंटरल्यूकिन-2 हे टी-पेशींच्या वाढीला लागणारे प्रथिन शोषले जाते. शिवाय या पेशी इंटरल्यूकिन-10 व टीजीएफ-बीटा ही प्रतिसाद दाबणारी प्रथिने स्रवतात. कोणता मार्ग प्रमुख, हे ऊतकानुसार बदलत असावे.

फॉक्सपी3 सदोष असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच अतिसार, इसब व मधुमेह जडतो. अनेकांना अन्नाची ॲलर्जीही असते. उलट अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत) नियामक पेशींची गर्दी झाल्यास कर्करोगाला आडोसा मिळतो. गर्भधारणेत पित्याकडून आलेले प्रतिजन सहन होण्यातही त्यांचा वाटा आहे. मात्र याचा बराचसा पुरावा उंदरांवरील प्रयोगांतून आला आहे.