पार्टीची रीत आणि माणसाचा होकार

स्विंगर पार्टीला म्हणजे जोडीदाराच्या माहितीने इतरांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या प्रौढांच्या जमावाला पहिल्यांदा जाणाऱ्याच्या हाती आधी नियमांची यादी पडते. आंघोळ करून या, फोन बाहेर ठेवा, कंडोम वापरा, दार बंद असेल तर आत डोकावू नका, कमी प्या. यादी चांगलीच असते. पण ती वाचून अनेकांची, विशेषतः पुरुषांची, अशी समजूत होते की नियम पाळले म्हणजे संमतीचा प्रश्न मिटला. रीत आणि संमती या दोन गोष्टी तिथे शेजारी शेजारी नांदतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते. या गल्लतीतून माणसांना खरी इजा होते.

रीत म्हणजे काय, हे कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या लोराज या स्विंगर क्लबच्या रचनेत छान दिसतं. तळमजल्यावर बार, वर गप्पा मारायची जागा आणि तिसऱ्या मजल्यावर गाद्या टाकलेली मोठी खोली. तिथे जायच्या वाटेवर दोन दारं होती. एकावर 'प्रिवे', म्हणजे खासगी, अशी पाटी आणि दुसऱ्याला आकड्यांचं कुलूप. आकडा फक्त सभासदांना ठाऊक, आणि सभासद होण्याआधी मुलाखत. क्लबचालकावर अनैतिक अड्डा चालवल्याचा खटला झाला. २००५ साली कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. ज्याला पाहायचं नाही त्याच्यासमोर काही येत नव्हतं, कुणाला भाग घ्यायची सक्ती नव्हती, तेव्हा समाजाची हानी काय झाली, असा कोर्टाचा विचार होता.

आता त्या कुलपाकडे नीट पाहा. आकडा दाबून आत गेलेल्या बाईने एवढंच सांगितलं आहे की वर काय चालतं हे मला माहीत आहे. कुणाबरोबर, काय, आज की कधीच नाही, यातलं एक अक्षरही त्या आकड्यात नाही. रीत सगळ्यांसाठी एकच असते, दारातच सांगितली जाते, आणि ती मोडली तर यजमान बाहेर काढतो. संमती एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला, एका विशिष्ट गोष्टीसाठी दिलेली असते. ती यजमान देऊ शकत नाही, आणि अर्ध्यावर परत घेतली तर कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा जोडीदारावरून होतो. जोडप्याशी बोलताना दोघांशी बोलावं, नवऱ्याला डावलून बायकोला बाजूला घेऊ नये, बायकोला डावलून नवऱ्याला घेऊ नये, ही या जगातली जुनी आणि शहाणी रीत. पण तिचा उलटा अर्थ काढला जातो: नवरा 'हो' म्हणाला, म्हणजे झालं. माझ्या मते या सबंध विषयात लक्षात ठेवण्यासारखं काही असेल तर हे: जोडीदाराचा नकार चालतो, जोडीदाराचा होकार चालत नाही. नवऱ्याला अस्वस्थ वाटलं आणि त्याने 'आपण निघू या' म्हटलं, तर समोरच्याने थांबायचं, ही रीत झाली. बायको गप्प आहे आणि नवरा 'तिला चालतं हो' म्हणतोय, तर ती संमती नव्हेच. कॅनडाच्या फौजदारी संहितेतलं २७३.१ हे कलम ते शब्दांत सांगतं: तिसऱ्या व्यक्तीच्या बोलण्यातून किंवा वागण्यातून आलेला होकार हा होकार धरला जात नाही.

हे नुसतं तात्त्विक नाही. फ्रान्सच्या आव्हिन्यॉ शहरात २०२४ मध्ये पेलिको खटला चालला. दोमिनिक पेलिको वर्षानुवर्षं पत्नी जिझेल यांना गुंगीचं औषध देऊन अनोळखी पुरुषांना घरी बोलवत होता. त्यांतले बरेच जण कोर्टात म्हणाले, की आम्हाला हा जोडप्याचा मोकळा खेळ वाटला, बाई झोपेचं सोंग घेते असं वाटलं, नवऱ्याने तर बोलावलं होतं. त्यांनी नवऱ्याने घातलेले नियमही पाळले होते: दूर गाडी लावा, अत्तर लावू नका. १९ डिसेंबर २०२४ रोजी सगळ्या ५१ आरोपींना दोषी ठरवण्यात आलं आणि दोमिनिकला वीस वर्षांची शिक्षा झाली. यजमानाची शिस्त शंभर टक्के, संमती शून्य.

आपल्या कायद्यातही नवऱ्याच्या होकाराला फार काळ वजन होतं. भारतीय दंड संहितेचं ४९७ कलम परपुरुषाला व्यभिचाराची शिक्षा सांगायचं, पण नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच होत नसे. बाईला काय हवं, हा प्रश्न त्या कलमात नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते एकमताने रद्द केलं; बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही, हे त्यामागचं एक मुख्य कारण. पण कलम गेलं म्हणून मनातली समजूत गेली असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात एका बाईने करुकाचल पोलिसांकडे तक्रार केली, की नवरा आपल्याला जोडीदार बदलण्याच्या टोळक्यात जबरदस्तीने ढकलतो. पुण्या-मुंबईतून अशा पार्टीसाठी लोणावळ्याच्या किंवा गोव्याच्या व्हिलावर जाणाऱ्या जोडप्यातल्या बाईला घरी, एकांतात, 'तुला खरंच यायचं आहे का' असं कुणी विचारलं होतं का, हे बाहेरच्याला कधी कळत नाही. म्हणून तिथे तिला स्वतःला विचारावं लागतं.

विचारण्याची रीत कशी, यावरही गल्लत आहे. कोचावर शेजारी बसलेल्या बाईच्या हातावर कुणी हलकेच बोटं टेकवतो. काही क्लबांत हीच विचारण्याची पद्धत समजतात: तिने हात काढला, की उत्तर 'नाही'. तिने हात काढला, तर ठीकच. पण तिने काढला नाही तर? ती गोठून गेलेली असू शकते, चारचौघांत तमाशा नको म्हणून गप्प असू शकते, किंवा काय होतंय ते अजून तिच्या लक्षात आलेलं नसेल. 'मौन म्हणजे संमती' हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ते पूर्ण बाजूला ठेवावं. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीसाठी शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हेही तिथे लिहिलं आहे. नशेमुळे जिला कृतीचं स्वरूप कळत नाही तिचा होकारही होकार नाही. मग ती दारू तिने स्वतः प्यायलेली का असेना.

मराठी घरात वाढलेल्यांना आणखी एक सवय सोडावी लागते, ती आग्रहाची. पंगतीत पाहुणा 'नको' म्हणाला की अर्धी पोळी तरी वाढायचीच. पहिला नकार शिष्टाचाराचा मानला जातो. इथे पहिला नकार हाच शेवटचा. 'नको, थँक्यू' एवढं पुरतं. 'का?', 'माझ्यात काय कमी आहे?', 'मघाशी त्याच्याबरोबर चाललं ना?' हे प्रश्न विचारायचे नसतात, आणि विचारले तर उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. नकार देणाऱ्याने कारण शोधत बसू नये, असं मी मुद्दाम सांगेन, कारण कारण दिलं की समोरचा त्याच्यावर तोडगा काढायला लागतो.

कंडोमचं उदाहरण दोन्हीकडे बसतं. यादीतला नियम म्हणून तो रीत आहे. पण एखादीने 'कंडोम असेल तरच' म्हटलं, की ती तिच्या होकाराची अट झाली. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये कर्कपॅट्रिक खटल्यात हेच म्हटलं: कंडोमसह संबंधाला दिलेला होकार विनाकंडोम संबंधाला लागू होत नाही. फोटोचंही तसंच. काढू दिला म्हणजे पाठवू दिला असं नाही. न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली, चित्रणाला संमती असूनही ते तिसऱ्याला दाखवायला नसेल आणि पाठवलं, तर तो गुन्हा आहे.

उलट बाजूही आहे. दोघांचा मनापासून होकार असला तरी रीत संपत नाही. तिसऱ्या जोडप्याच्या बंद खोलीत शिरणं, दुसऱ्या दिवशी भाजी बाजारात भेटल्यावर ओळख दाखवणं, ग्रुपमध्ये नावं घेणं, याला तुमच्या दोघांची संमती पुरत नाही.

यजमानालाही हा फरक कळायला हवा. नियम मोडला तर समज द्या, पुढच्या वेळी बोलवू नका. संमती मोडल्याची तक्रार आली, तर 'आपसात मिटवा' म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. पीडित बाईला कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, तातडीने मोफत उपचार द्यायला हवेत, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, ३९७ व्या कलमात आहे. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तेव्हा सकाळची वाट पाहू नये. घटना गोव्यात घडली आणि बाई पुण्यात परतली, तरी ती पुण्याच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवू शकते; हद्दीचं कारण सांगून तिला परत पाठवता येत नाही. पुरुषावर जबरदस्ती झाली तर बलात्काराचं कलम लागत नाही, ही आपल्या कायद्यातली मोठी उणीव आहे. मारहाण, धमकी, डांबून ठेवणं अशा कलमांखाली मात्र तक्रार करता येते. आणि अशा पार्टीला गेले होते हे कळलं तर लोक काय म्हणतील, या भीतीने गप्प बसणाऱ्या बाईला हे सांगायला हवं, की न्याय संहितेच्या ७२ व्या कलमानुसार तिची ओळख उघड करेल असं काहीही छापणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे.