वडसा ते ऑडिशन : गावाकडच्या कलाकाराला काम कसं मिळत आलं

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, एखाद्या पोट्ट्याला सिरियलमध्ये नाहीतर पिक्चरमध्ये काम करायचं असलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, तिकडं कोनी वळखीचा हाय का?" यावर शहाणी माणसं तोंड वाकडं करतात, म्हणतात यांना मेहनत नको, वशिला पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडं कलाकाराला काम पिढ्यानपिढ्या ओळखीवरच मिळत आलंय, पण ती ओळख रात्र रात्र स्टेजवर उभं राहून कमावलेली असायची. हे कसं घडलं ते माहीत नसेल तर आज मिळणाऱ्या सल्ल्यांतला कोणता घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे समजतच नाही.

सुरुवात धानापासून करावी लागते. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतो, हातात थोडा पैसा येतो, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रिकाम्या होतात आणि गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडार आणि खडी गंमत या लोककला तिथे आधीपासून होत्याच, पुढे त्यात संगीत नाटक आलं आणि त्यातून झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं, पाव्हणे चार गावांवरून येतात, घरोघरी मुक्काम पडतात. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडूनही नाटक असायचंच. 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद झाला आणि डिसेंबर 2021 मध्ये परत परवानगी मिळाली, पण मधल्या काळात कित्येक गावांनी नाटक काही सोडलं नाही.

या सगळ्याचं केंद्र म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. वडसाच का, तर गडचिरोली जिल्ह्यात कित्येक वर्षं रेल्वे स्टेशन होतं ते एवढंच, त्यामुळे नागपूरची नटी असो की चंद्रपूरचा तबलजी, उतरणार तिथेच असं माझं मत आहे. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे, गावचे मंडळवाले बुकिंगला येणार तेही तिथेच. हँडबिलावर कलाकारांची नावं आणि फोटो असतात आणि गाववाले ते वाचूनच ठरवतात की यंदा कोणाचं नाटक आणायचं. म्हणजे हँडबिल हाच कलाकाराचा पोर्टफोलिओ. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचा फोटो मोठा, यावरून त्याचा भाव समजतो. एखाद्यानं कबूल केलेली रात्र बुडवली तर दुसऱ्या दिवशी ते सगळ्या कंपन्यांना माहीत असतं, आणि एखाद्यानं ऐनवेळी दुसऱ्याचा रोल निभावून नेला तर तेही. आता ज्याला नेटवर्किंग म्हणतात ते वडशाच्या चहाच्या टपरीवर बिननावानं चालूच होतं.

मग पिक्चर इकडं का नाही आला? कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, 1929 मध्ये प्रभात निघाली, तिथल्या सुताराला, शिंप्याला, पैलवानाला सुद्धा कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय लागली. विदर्भ तेव्हा सीपी-बेरारमध्ये, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, आपली राजधानी नागपूर, मुंबईशी तसा संबंधच कमी. पिक्चरच्या धंद्यात आजही आपल्या भागाला सीपी-बेरार सर्किटच म्हणतात, आणि अमरावतीत वितरकांची ऑफिसं होती, म्हणजे पिक्चरचे डबे इथून गावोगाव जायचे पण शूटिंग इथं व्हायचं नाही. आपण पिक्चर विकले, दाखवले, डोक्यावर घेतले, बनवले मात्र नाहीत. 1948 ला नागपूरला आकाशवाणी आली आणि ज्यांना नागपूर जवळ होतं त्यांना निदान श्रुतिकांमुळे, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांमुळे, ऑडिशन नावाची गोष्ट कळली. गडचिरोलीतल्या कुरखेडा-कोरचीच्या कलाकाराला तेही नाही.

त्यात अभिनयाची घडणही वेगळी. झाडीपट्टीत एकेक कलाकार सीझनमध्ये अनेक नाटकं करतो, तालमीला वेळ नसतो, सगळा भार प्रॉम्प्टरवर. तो पडद्याआडून वाक्य देतो आणि नट ते अर्ध्यातच उचलून, मागच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात फेकतो. ही साधी कला नाही! पण हाच माणूस सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ स्वतःच, करायला मोबाईलसमोर बसला की कान प्रॉम्प्टरकडे, आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेत, आणि डोळे भलतीकडेच. नाव, वय, उंची, गाव सांगायचं, मग डावी बाजू उजवी बाजू दाखवायची, या एवढ्याशा इंट्रोत कितीतरी चांगले लोक अडकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला अभिनयच येत नाही. येतो हो. फक्त माप वेगळं आहे.

चित्र बदललं ते मागच्या दहा-बारा वर्षांत. टीव्हीवर भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोली घरोघरी नेली, पण त्याचा एक तोटा असा की विदर्भाचा माणूस म्हणजे विनोदीच असं काही लोकांनी धरून घेतलं. 'कोर्ट'मध्ये नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार मुख्य भूमिकेत आले आणि त्या पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2016 ला 'सैराट' आला, अकलूजची शाळकरी पोरगी नायिका झाली, आणि त्याच वर्षी जिओ आल्यावर गावातल्या पोट्ट्यांनी मोबाईलवर शॉर्ट फिल्म आणि रील सुरू केले. 2022 ला 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्तीतली पोरं अमिताभ बच्चनसोबत दिसली आणि त्याच वर्षी तृषांत इंगळेंचा 'झॉलीवूड' आला जो झाडीपट्टीवरच आहे. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा तर इकडच्या प्रत्येक कलाकाराला वाटलं की आपल्या घरातच आली.

आणि याच काळात सल्ला देणाऱ्यांचं पीक आलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक कास्टिंगचा मेसेज, खाली एक नंबर, मग रजिस्ट्रेशन फी, मग पोर्टफोलिओचे पैसे, मग मुंबईला या. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो, कारण फसतात ते शेतमजुराचे पोरं. इथे जुनी पद्धत आठवावी. झाडीपट्टीत गाव कंपनीला ॲडव्हान्स देतं, कंपनी कलाकाराला नाईट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, देते, पैसा नेहमी कलाकाराकडे येतो. जो माणूस कलाकाराकडूनच पैसे मागतो तो काम देणारा नाहीच, त्याचा धंदाच दुसरा आहे. पोरींच्या बाबतीत तर जुनी साखळी आणखी मोलाची, सोबत गाडीत कोण आहे, मुक्काम कुठं आहे, रात्री परत कोण सोडणार हे सीझन केलेली जुनी नटी दोन फोन करून सांगते, ग्रुपवरचा नंबर सांगत नाही.

म्हणून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून थेट मुंबई गाठ असा सल्ला मी देत नाही. नागपूर-चंद्रपूरकडं शूटिंग आलं की त्या टीमला लोकल माणसं शोधून देणारा कोणीतरी इथलाच असतो, बहुतेक वेळा नाटकवालाच, त्याला आपलं काम माहीत पाहिजे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरावं, शॉर्ट फिल्मवाल्यांसोबत प्रॉम्प्टरशिवाय काम करून पाहावं, आणि इंट्रो आपल्या बोलीत पण एक आणि प्रमाण मराठीत पण एक करून ठेवावा. आणि तारखांचं आधीच स्पष्ट बोलावं, कारण शूटिंगवाले दहा दिवस मागतात ते नेमके भाऊबीजेनंतरचे, आणि तेव्हा कंपनीनं हँडबिल छापून वाटलेलं असतं. शूटिंगसाठी नाटकाची रात्र सोडायचीच असेल तर मालकाला महिनाभर आधी सांगून आपल्या जागी माणूस देऊन जावं, म्हणजे पुढच्या सीझनला नाव हँडबिलावर राहतं.