फॅमिली डॉक्टरांचे अध्यापन-प्रशिक्षण

वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉक्टरांना वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी पद्धतशीरपणे तयार करणे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे अध्यापन-प्रशिक्षण. असे शिकवणाऱ्या डॉक्टरास वैद्यकशिक्षणाच्या परिभाषेत प्रिसेप्टर म्हणतात. रोगी तपासण्याचे कौशल्य त्याच्यापाशी असतेच. रोगी समोर बसलेला आणि बाहेर बाकावर दहाजण खोळंबलेले असताना विद्यार्थ्याला विचार करायला कसे लावावे, एवढेच त्याला शिकायचे असते, आणि ते सोपे नाही.

या प्रशिक्षणाची गरज आजार कोठे भेटतात, यातून निर्माण होते. अमेरिकेत १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखानुसार १,००० प्रौढांपैकी एका महिन्यात सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि अवघा १ जण विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो. विद्यार्थी मात्र बहुतेक सारे शिक्षण त्या एकाच्या खाटेपाशी घेतो. एडिंबरो येथे १७७६ मध्ये अँड्र्यू डंकन यांनी काढलेल्या गोरगरिबांच्या दवाखान्यात विद्यार्थी शिकत असत, आणि जनरल प्रॅक्टिस या विषयाचे जगातील पहिले प्राध्यापकपदही १९६३ मध्ये त्याच शहरात निर्माण झाले.

भारतात आरोग्यसेवेच्या आखणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात ‘सामाजिक वैद्य’ घडवण्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचवले. श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या शिफारशींनंतर १९७७ मध्ये आलेल्या योजनेने वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण आरोग्यसेवेशी जोडण्याचा प्रयत्न केला. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी पुदुच्चेरीच्या जिपमर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संस्थेत १९७५ साली राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. २०१९ पासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणाऱ्या अभ्यासक्रमामुळे पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याचा रोग्याशी संबंध येऊ लागला, तर २०२१–२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक घेण्याचा, म्हणजे विद्यार्थ्याने काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्याचा उपक्रम आला. महाविद्यालयीन अध्यापकांना वैद्यकशिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम आज आवश्यक आहे. खासगी दवाखान्यातला फॅमिली डॉक्टर मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतो. ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव मानली पाहिजे.

इंदूर शहराच्या संदर्भात ही उणीव ठळकपणे दिसते. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचा वारसा येथे आहे. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे आहे आणि त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय साऱ्या माळव्याला ‘एमवाय’ या नावाने परिचित आहे. मात्र माळव्यातला माणूस एमवायला जातो तो दुखणे बळावल्यावर; त्याआधी काही वर्षे तो घराजवळच्या डॉक्टरकडेच जात असतो.

त्या दवाखान्यात शिकवण्याची सर्वांत उपयोगी रीत ‘एका मिनिटाचा प्रिसेप्टर’ या नावाने ओळखली जाते. १९९२ मध्ये अमेरिकेतील कुटुंबवैद्यकाच्या शिक्षकांनी ती पाच पायऱ्यांत मांडली. इंदूरच्या रामबागेतील साठीच्या एका मराठी गृहस्थांचे उदाहरण कल्पावे. उपाशीपोटीची साखर चढलेली आहे आणि विद्यार्थी रिपोर्ट घेऊन येतो. डॉक्टरने निदान सांगून टाकायचे नाही, “तुला काय वाटतं?” असे विचारायचे. विद्यार्थी म्हणतो, गोळीचा डोस वाढवावा. “कशावरून?” या दुसऱ्या प्रश्नावर तो रिपोर्टातला आकडा दाखवतो. “काका गोळी कधी घेतात, ते विचारलंस?” तो परत जाऊन विचारतो, तेव्हा कळते की गोळी जेवणानंतर घ्यायची असे सांगितलेले होते आणि सकाळचे पोहे-जिलबी हे काही जेवण नव्हे, अशा समजुतीने काका सकाळची गोळी घेतच नाहीत. आता तिसरी पायरी, एक सामान्य नियम सांगण्याची: डोस वाढवण्याआधी औषध पोटात जाते का, ते पाहावे. त्यानंतर विद्यार्थ्याचे काय बरोबर होते ते नेमके सांगायचे, आणि शेवटी काय राहून गेले तेही. नुसते ‘छान’ म्हटल्याने त्याला काहीच कळत नाही.

यातली पहिली पायरीच अनुभवी डॉक्टरांना सर्वांत जड जाते. वीस-पंचवीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या माणसाला रोगी दारातून आत येतानाच पुष्कळ काही दिसते, आणि उत्तर ओठांवर असताना थांबणे हे त्याच्या रोजच्या सवयीच्या उलट असते. म्हणूनच चांगल्या कार्यशाळेत व्याख्याने थोडी आणि सराव फार असतो: एकजण रोगी होतो, एकजण विद्यार्थी, तिसरा शिकवतो आणि बाकीचे तो किती वेळ गप्प राहिला हे पाहतात. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष तपासताना पाहून त्याचे मूल्यमापन करणे हाही सरावाचाच भाग असतो.

भाषेचा प्रश्न इंदुरात वेगळा उभा राहतो. एकाच सकाळी रोगी हिंदीतून, माळवीतून आणि जुन्या मराठी घरांतले लोक मराठीतून बोलतात. ‘जी घबराता है’ किंवा ‘जीव घाबराघुबरा होतो’ या तक्रारीमागे धडधड आहे, धाप आहे, रक्तातली साखर उतरली आहे की काळजी आहे, हे उलगडण्याची रीत फॅमिली डॉक्टरच दाखवू शकतो.

वेळ आणि मोबदला या अडचणी उघड आहेत. शिकवताना रोजचे काम लांबते आणि दवाखान्याचे उत्पन्न तर त्या कामावरच चालते. रोग्याच्या संमतीचा मुद्दा त्याहून नाजूक असून प्रशिक्षणात त्याला स्वतंत्र जागा हवी. विद्यार्थी समोर उभा असताना “हा बसला तर चालेल ना?” असे विचारले, तर आपल्या डॉक्टरसाहेबांचा मान राखून आजी मान डोलावतात आणि जे सांगायला आल्या होत्या ते मनातच ठेवतात. हा प्रश्न विद्यार्थी आत येण्यापूर्वी, शक्य तर दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी बाहेरच्या बाकापाशी विचारावा, आणि ‘नको’ म्हटल्यास त्याचे कारण विचारू नये.