पार्श्वभूमी : शाश्वत तंतूंचे पुरस्कार आणि ‘रिजनरेटिव्ह’चा घोळ

कृषी प्रदर्शनांत लोकरीला बक्षिसं द्यायची रीत एकोणिसाव्या शतकापासूनची. परीक्षक लोकरीची एक बट दोन चिमटींत ताणून धरायचा आणि कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारायचा. बट खणखणीत वाजली तर लोकर मजबूत, मध्येच तुटली तर त्या हंगामात मेंढीची आबाळ झाली असं समजायचं. बारीकपणा, लांबी, चमक, ताकद असं जे काही जोखायचं ते सगळं हातात होतं. कापसाची प्रतवारीही याच धर्तीची: धाग्याची लांबी, रंग, कचरा. कुरणाचं किंवा शेताचं पुढे काय झालं हे परीक्षकाने विचारायचं कारण नव्हतं.

शाश्वत तंतू उत्पादनातल्या पुढाकारासाठी आज जे सन्मान दिले जातात, त्यांची सगळी अडचण इथे आहे. सेंद्रिय कापसाची रुई आणि फवारणी केलेल्या कापसाची रुई शेजारी ठेवली तर मुरलेल्या ग्रेडरलाही फरक सांगता येणार नाही. बक्षीस द्यायचं असतं तंतूच्या पूर्वेतिहासाला, आणि तो इतिहास फक्त कागदावर असतो.

या कागदाची सुरुवात फार जुनी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तुर्कस्तानात आणि पाठोपाठ टेक्सासमध्ये प्रमाणित सेंद्रिय कापूस पिकू लागला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मैदानी कपडे बनवणाऱ्या एका कंपनीने आपला सगळा सुती माल सेंद्रिय कापसावर नेला. त्याच वर्षी अमेरिकेत जनुकीय बदल केलेल्या कापसाची व्यापारी लागवड सुरू झाली, आणि सेंद्रिय शेतीत असं बियाणं चालत नाही. पुढची पंचवीस वर्षं या दोन वाटा एकमेकींवर कुरघोडी करत राहिल्या, आणि आकड्यांत कोण जिंकलं हे उघड आहे: सेंद्रिय कापूस जगातल्या एकूण कापसाच्या एक-दीड टक्क्याच्या आसपासच अडकला.

२००६ मध्ये सेंद्रिय कापडासाठी जागतिक मानक आलं. त्यानंतर तीन-चार वर्षांत आणखी एक मोठी योजना सुरू झाली. तिने कीटकनाशकांवर किंवा जनुकीय बियाण्यावर सरसकट बंदी घातली नाही, वापर कमी करायला सांगितलं. म्हणूनच ती पसरली. दशकभरात जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस तिच्या छत्राखाली आला. तिचा हिशेब मात्र वजनाचा होता. योजनेतली एक टन रुई व्यवस्थेत आली की साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक टनाचं श्रेय घेता यायचं. शर्टातला प्रत्यक्ष कापूस त्याच शेतातला असेलच असं नाही. पुढे माग काढता येईल अशी वेगळी सोय झाली, पण तोवर या श्रेयावर अनेक ब्रँडांनी पाठ थोपटून घेतली होती.

कागद किती तकलादू असतो हे २०२० मध्ये दिसलं. भारतात तब्बल २०,००० टन रुई खोट्या प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून विकली गेल्याचं उघड झालं. रुईची जनुकीय चाचणी करता येते, पण कापड ब्लीच होऊन रंगवलं गेलं की डीएनए इतका तुटलेला असतो की निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि मग ‘रिजनरेटिव्ह’. हा शब्द १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या सेंद्रिय शेती संशोधकांनी रुजवला. ‘शाश्वत’ म्हणजे आहे ते टिकवणं. पण झिजलेली माती टिकवून काय उपयोग, ती सुधारायला हवी, असा त्यामागचा विचार. (मराठीत याला ‘पुनरुत्पादक शेती’ म्हणतात तेव्हा प्रसूतिगृहाची आठवण होते. ‘पुनरुज्जीवक’ त्यातल्या त्यात बरा.) जन्म सेंद्रिय घरातला असला तरी शब्द लवकरच घराबाहेर पडला. नांगरट थांबवा, जमीन कायम झाकलेली ठेवा, पिकं आलटून-पालटून घ्या, शेतात जनावरं चरू द्या: एवढं केलं की रिजनरेटिव्ह, असं मोठ्या शेतीनेही म्हणायला सुरुवात केली. पण नांगर न चालवता तण मारायचं कसं? बहुतेक ठिकाणी तणनाशक फवारून. उलट सेंद्रिय शेतकरी तणनाशक वापरत नाही, म्हणून त्याला कोळपणी-वखरणी चुकत नाही. म्हणजे एकाच्या लेखी जे पुण्य, ते दुसऱ्याच्या लेखी पाप.

२०१८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका प्रमाणपत्राने स्पष्ट भूमिका घेतली: आधी सेंद्रिय, मग त्यावर माती, जनावरं आणि मजूर यांच्या कसोट्या. नंतर आलेल्या काही योजनांनी ही अट घातली नाही. पद्धत कोणती ते महत्त्वाचं नाही, परिणाम दाखवा, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला रास्त आहे. पण परिणाम मोजायचा म्हणजे काय करायचं?

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या ३० सेंटिमीटर थराचं वजन साधारण ३,९०० टन भरतं. माती सुधारल्याची खूण मानला जाणारा त्यातला कार्बन मातीच्या वजनाच्या ०.१ टक्क्याने वाढला तर ती वाढ जवळपास चार टन. एवढी वाढ व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि त्याच शेतात शंभर पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांतला फरक याहून जास्त निघू शकतो. त्यात आणखी एक खाच आहे. नांगरट बंद केली की पालापाचोळा वरच कुजतो आणि कार्बन वरच्या थरात साठतो. नांगरलेल्या शेतात तो खाली गाडला जातो. वरचेच १५ सेंटिमीटर तपासले तर बिननांगरी शेत फार पुढे दिसतं, मीटरभर खोल गेलं तर ती आघाडी बरीचशी विरते. पुरस्कार दरवर्षी द्यायचे असतात, माती त्या वेळापत्रकाने चालत नाही. त्यामुळे परीक्षकांसमोर येतात ती बहुधा उद्दिष्टं, एकरांचे आकडे आणि छायाचित्रं. यातली एकही गोष्ट माती सुधारल्याचा पुरावा नव्हे.

सन्मान कुणाला द्यायचा हा वाद यातूनच निघाला. सुरुवातीला मंचावर ब्रँडच असायचे, कारण प्रवेशिका भरायला माणसं त्यांच्याकडेच होती. शेतकरी गटांसाठी वेगळे वर्ग नंतर आले. तरी सेंद्रियकडे वळण्याच्या दोन-तीन वर्षांत रासायनिक आधार सुटलेला आणि सेंद्रियचा भाव अजून हाती नाही, हा तोटा सोसतो तो शेतकरीच, आणि त्या वर्षांसाठी कुठला चषक नसतो. दुसरीकडे, २०२३ मध्ये जगात तयार झालेल्या सुमारे १२.४ कोटी टन तंतूंपैकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर होतं आणि त्याच्या पुनर्वापरालाही याच सोहळ्यांत जागा मिळते. तो पुनर्वापर बहुतांशी बाटल्यांचा असतो, कपड्यांचा नव्हे.

आता कायदाही मध्ये आला आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेले नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतात. पुराव्याशिवाय ‘पर्यावरणस्नेही’ असं मोघम म्हणता येणार नाही, आणि प्रमाणन योजनेचा किंवा सरकारी यंत्रणेचा आधार नसलेला शाश्वततेचा शिक्का मालावर चालणार नाही. जिंकलेलं पदक कपड्याच्या टॅगवर छापायची सवय लागलेल्यांना ते पदक शिक्क्यात मोडतं का, हे आधी वकिलाला विचारावं लागेल.