दुकानात मिळणारी वस्तू सरकारला का घेता येत नव्हती

अमेरिकेच्या सरकारी खरेदीचं जे जाडजूड नियमपुस्तक आहे, त्यातला भाग १२ फक्त बाजारात सगळ्यांना मिळणाऱ्या वस्तू आणि सर्व्हिसेससाठी आहे, आणि तो वेगळा का काढावा लागला हे नीट कळायला हवं.

१९८३ मध्ये नेव्हीने ४३५ डॉलरची हातोडी घेतली म्हणून मोठी बोंब झाली. खरं तर हातोडी एवढी महाग नव्हतीच, ठेकेदाराने आपला ओव्हरहेड खर्च, म्हणजे कुठल्याच एका वस्तूचा नसलेला सामाईक खर्च, ऑर्डरमधल्या सगळ्या आयटमवर सारखा वाटला होता, म्हणजे महागड्या पार्टवर जेवढा तेवढाच हातोडीवर, पण लोकांच्या डोक्यात बसला तो आकडाच. मग तपासण्या वाढल्या, नियम अजून कडक झाले. १९८६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डवाल्या डेव्हिड पॅकार्ड यांच्या, लष्करी खरेदीचा आढावा घेणाऱ्या कमिशनने स्पष्ट सांगितलं की बाजारात तयार मिळतंय ते घ्या, पण लष्कराच्या फ्रूटकेकचं स्पेसिफिकेशन तरीही १८ पानी. केकचं!

मला सगळ्यात जास्त लागतो तो रेडिओचा किस्सा. १९९१ च्या आखाती युद्धात सैन्याला मोटोरोलाचे साधे बाजारातले ६,००० रेडिओ तातडीने हवे होते, पण कायद्याप्रमाणे कंपनीने आपल्याला माल किती खर्चात पडतो त्याचा हिशोब सर्टिफाय करून द्यायचा, आणि तसे हिशोब ठेवायची सिस्टीम त्यांच्या त्या विभागाकडे नव्हतीच. शेवटी जपानने ते रेडिओ विकत घेऊन अमेरिकेला दिले. युद्ध चालू असताना, आपल्याच देशातल्या कंपनीचा माल!

म्हणून सरकारी खरेदी सोपी करणारा १९९४ चा 'फासा' (FASA) कायदा आला. आधी मार्केट रिसर्च करा, तयार वस्तू मिळत असेल तर तीच बघा, आणि अशा वस्तूसाठी कंपनीच्या खर्चाचे सर्टिफाइड आकडे मागू नका, बाजारात रुळलेल्या अटी शक्यतो चालू द्या, असा त्याचा गाभा. २०२१ मध्ये व्याख्येत वस्तू आणि सर्व्हिस वेगळ्या केल्या, बाकी ढाचा तोच.

पण कायदा झाला म्हणून सवय जात नाही. आर्मीने गुप्त माहिती एकत्र करणारी सिस्टीम परत पहिल्यापासून बनवून घ्यायचं टेंडर काढलं तेव्हा पॅलंटिर ही सॉफ्टवेअर कंपनी कोर्टात गेली, तयार सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे, तुम्ही बघितलंच नाही म्हणून. २०१६ मध्ये कोर्टाने याच कायद्यावर बोट ठेवून आर्मीला थांबवलं, २०१८ मध्ये अपिलातही तेच टिकलं, आणि मार्च २०१९ मध्ये ते काम शेवटी पॅलंटिरलाच मिळालं.