गोवा–मुंबई हवाई अंतर व प्रवासकाळ
गोव्यातील दाबोळी विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ४२५ किमी., म्हणजे जवळपास २३० सागरी मैल आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून ते सुमारे ३९० किमी. भरते. तिकिटावर मात्र दोन्हीकडून साधारण सव्वा तासच लिहिलेला असतो.

ताशी ८०० किमी. वेगाने जाणाऱ्या जेटला ४२५ किमी. म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे काम. पण एवढ्या छोट्या पल्ल्यात विमानाला तो वेग फार वेळ मिळत नाही. ते उंचीवर पोहोचते न पोहोचते, तोच मुंबई दीड-पावणेदोनशे किमी. दूर असताना उतरण सुरू होते. शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचा सगळा काळ तिच्यात येतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना घिरट्या घालाव्या लागतात. कमी उंचीवरची एक घिरटी साधारण चार मिनिटांची. तशा तीन झाल्या, की मोपाने वाचवलेले ३५ किमी. केव्हाच खर्ची पडलेले असतात. वाऱ्याचा हिशेब इथे किरकोळ आहे. मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्याने पश्चिमेचा वारा आडवा लागतो. जाता-येता फारसा फरक पडत नाही.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीत १९५५ मध्ये सुरू झाला. तेव्हा इथून दमण, दीव आणि कराचीकडे विमाने जात. आज तो नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ तळाचा भाग आहे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असल्याने नागरी विमानांचे वेळापत्रक दुपार-रात्रीकडे सरकते. मोपाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली.

खरा फरक पडतो तो जमिनीवर. पेडणे, म्हापसा किंवा सीमेपलीकडच्या बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर आहे. काणकोणच्या माणसाला तेच गाठायला जवळजवळ अख्खा गोवा ओलांडावा लागतो. त्यात चेक-इन काउंटर उड्डाणाआधी साधारण तासभर बंद होते. म्हणून मडगावकराने विमानाची तुलना रेल्वेशी करताना सव्वा तास धरू नये. घरापासून घरापर्यंत चार-पाच तास सहज जातात. मडगाव–मुंबई वंदे भारत (सुरुवात २७ जून २०२३) कोकण रेल्वेने पावणेआठ तासांच्या आसपास घेते, पावसाळी वेळापत्रकात त्याहून बरेच जास्त.

तिकीट काढताना ‘गोवा’ एवढेच पाहून भागत नाही. दाबोळीचा कोड जीओआय, तर मोपाचा जीओएक्स आहे. दाबोळीलगतच्या वास्कोच्या माणसाने चुकून मोपा निवडला, तर टॅक्सीचे भाडे कधीकधी विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करते.